सिनेमा संथ आहे म्हणण्याआधी सभागृहातले दिवे मालवा

प्रति,
गोव्यातील गावोगावची सांस्कृतिक मंडळे, वाचनालये, महाविद्यालयांतील चित्रपट मंडळे आणि सभागृहांच्या कार्यक्रम समित्या यांस,

सप्रेम नमस्कार.

2004 पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरतो. नोव्हेंबरात मांडवीच्या काठी जगभरचा सिनेमा येऊन जातो आणि डिसेंबर लागला की गावागावांतल्या समित्यांना हुरूप येतो. आपणही काहीतरी चांगले दाखवू या, असे ठरते. मग सत्यजित राय, मृणाल सेन किंवा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा एखादा घरसंसारावरचा चित्रपट निवडला जातो. पाऊण तासात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होतात. पुढच्या बैठकीत कुणीतरी म्हणतो, आपल्या लोकांना असला संथ सिनेमा चालत नाही, पुढच्या वर्षी विनोदी काहीतरी आणा. सगळे माना डोलावतात आणि विषय मिटतो.

हा विषय इतक्यात मिटू नये म्हणून हे पत्र. देवळाच्या उत्सवात रात्री अकराला सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत बसून बघणाऱ्या गावाला धीर नाही, असे म्हणणे आम्हाला पटत नाही. लोक उठतात कारण त्यांना चित्रपट धड दिसलेला नसतो आणि धड ऐकू आलेला नसतो. मारामारीचा चित्रपट ट्यूबलाइटच्या उजेडात आणि घुमणाऱ्या कर्ण्यावरही तगतो. घरातल्या चार माणसांचा चित्रपट तसा तगत नाही. त्यातली सगळी घडामोड एका वळलेल्या मानेत, अर्ध्यावर थांबलेल्या हातात, न उचललेल्या चहाच्या कपात असते. ते हरवले की मागे काही उरतच नाही, आणि प्रेक्षक म्हणतो 'काही घडत नाही'. त्याच्या जागी बसून बघितले तर तो खरेच बोलत असतो.

उदाहरण म्हणून राय यांचा 'महानगर' (1963) घ्या. कोलकात्यातली मध्यमवर्गीय गृहिणी आरती घरोघर शिवणयंत्रासारखी विणकामाची यंत्रे विकण्याची नोकरी धरते. पहिला पगार हातात आल्यावर ती ऑफिसच्या स्वच्छतागृहात येते, पाकिटातल्या कोऱ्या नोटा काढते, त्यांचा वास घेते आणि आरशात स्वतःकडे बघते. माधवी मुखर्जी यांनी या दृश्यात भुवईसुद्धा फारशी हलवलेली नाही. आधी डोळ्यांत आनंद, मग थोडी लाज, मग आपल्याला आनंद झाला याचेच नवल. हे सगळे आरशातल्या चेहऱ्यावर काही सेकंदांत होऊन जाते. पडद्यावर वरून दिव्याचा उजेड पडत असेल तर चेहरा करडा दिसतो, डोळ्यांच्या जागी दोन डाग दिसतात आणि एक बाई आरशात बघत उभी आहे एवढेच कळते. त्याच चित्रपटात निवृत्त शिक्षक असलेले सासरे सुनेच्या कमाईचा पैसा घ्यायला तयार नाहीत. चष्मा मात्र हवा आहे. म्हणून ते जुन्या विद्यार्थ्यांच्या दारी जातात, आणि मोठा झालेला विद्यार्थी फुकट चष्मा देतो. त्यांचा मान राहिला की गेला, हे कुणी बोलून दाखवत नाही. ते फक्त त्यांच्या खुर्चीत बसण्याच्या पद्धतीत आहे. मागच्या रांगेतल्या माणसाला ती खुर्ची दिसली पाहिजे.

म्हणून आधी उजेडाचे बघू. समित्यांचा पहिला विचार नव्या, जास्त लुमेनच्या (म्हणजे जास्त उजेड फेकणाऱ्या) प्रोजेक्टरचा असतो. तो खर्च बहुतेक वेळा वाया जातो. अंधाऱ्या चित्रपटगृहात पडद्यावरचा पांढरा भाग साधारण 48 निट (निट हे उजळपणाचे माप) इतका उजळ असावा असे प्रमाण आहे. 10 फूट रुंद आणि साडेपाच फूट उंच चित्राचे क्षेत्रफळ होते सुमारे 5 चौरस मीटर. 48 गुणिले 5 गुणिले 3.14 केले की साडेसातशेच्या आसपास लुमेन येतात. साध्या पांढऱ्या, न चमकणाऱ्या पडद्याला तेवढे पुरतात. मंडळाच्या कपाटातला 3000 लुमेनचा जुना यंत्र-डबा 'सिनेमा' मोडवर टाकल्यावर निम्म्यावर आला तरी पुरून उरतो. 'डायनॅमिक' किंवा 'व्हिविड' मोड टाळा. त्यात कृष्णधवल चित्र निळसर-हिरवट होते आणि गोरे चेहरे चुन्याने रंगवल्यासारखे दिसतात. मोठ्या एलईडी टीव्हीवर दाखवत असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करा. ती चालू राहिली तर राय यांचा चित्रपटही दुपारच्या मालिकेसारखा दिसतो.

पैसे घालायचेच असतील तर काळ्या कापडात घाला. झरोक्यांतून रस्त्यावरचा दिवा आत येतो, देणगीदारांच्या फलकावरची एलईडी पट्टी चालू राहते, रंगमंचाच्या कडेची ट्यूब कुणाच्या लक्षात येत नाही. संध्याकाळी प्रोजेक्टर लावण्याआधी सगळे दिवे घालवून पाच मिनिटे सभागृहात उभे राहा. डोळे सरावल्यावर आपल्या हाताची बोटे मोजता येत असतील तर अजून उजेड आहे. देवळाच्या सभामंडपात गाभाऱ्यातला दिवा विझवायचा नसतो, तेव्हा पडदा असा लावा की तो उजेड पडद्याच्या पाठीवर पडेल. यात प्रेक्षकांची पाठही देवाकडे होत नाही, म्हणजे देवस्थान समितीचीही हरकत उरत नाही. अंधाराची खरी परीक्षा घ्यायची तर श्याम बेनेगल यांचा 'त्रिकाल' (1985) लावून बघा. लोटलीतल्या मारियो मिरांडा यांच्या घरात चित्रित झालेला, 1961 सालच्या गोव्यातल्या एका मोठ्या घराण्याचा हा चित्रपट. अशोक मेहता यांनी त्यातली रात्रीची दृश्ये मेणबत्त्यांच्या उजेडात टिपली आहेत. मेणबत्तीपासून दूर बसलेली माणसे दिसली तर सभागृह तयार आहे असे समजा. नुसत्या ज्योती दिसत असतील तर कापडवाल्याकडे परत जा.

चित्राच्या आकाराची गफलत जवळजवळ सगळीकडे होते. राय यांचे त्या काळातले चित्रपट जवळपास चौकोनी आहेत, 1.37 ला 1. आजचा प्रोजेक्टर 16 ला 9. त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात आणि यंत्रावर बसलेल्या मुलाला वाटते काहीतरी चुकले आहे. तो 'वाइड' दाबतो आणि माधवी मुखर्जी आडव्या फुगतात. 'झूम' दाबले तर वरून डोकी जातात, खालून सबटायटल जातात. काळ्या पट्ट्या असू द्याव्यात, एवढेच त्याला सांगायचे.

आपल्याकडची बहुतेक सभागृहे सपाट जमिनीची आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांची. बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सव्वाचार-साडेचार फुटांवर येते, म्हणून चित्राची खालची कड किमान पाच फुटांवर ठेवा. नाहीतर पुढच्याच्या केसांत सबटायटल वाचावी लागतात. 10 फूट चित्राला पहिली रांग तेरा-चौदा फुटांवर आणि शेवटची पस्तिसाच्या आत. तीन-तीन फुटांवर सात रांगा, रांगेत दहा खुर्च्या, मागची खुर्ची पुढच्या दोघींच्या फटीत. म्हणजे सत्तर माणसे. तीनशे खुर्च्या मांडून सत्तर लोक विखरून बसवण्यापेक्षा हे बरे. खुर्चीचे पाय लादीवर किंचाळतात. खाली सतरंजी अंथरली की तेही थांबते आणि घुमणेही कमी होते.

आता आवाज, आणि इथे आम्ही जरा जास्त वेळ घेणार आहोत, कारण सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. मंडळाचा साऊंडवाला शिगम्याच्या मिरवणुकीला, ऑर्केस्ट्राला, नाटकाला तरबेज असतो. त्याच्या मिक्सरवर खालचे आणि वरचे सूर चढवलेले, मधले उतरवलेले असतात. माणसाच्या बोलण्यातली स्पष्टता नेमकी मधल्या सुरांत, साधारण 1000 ते 4000 हर्ट्झच्या पट्ट्यात असते. तेव्हा सगळ्या कळा सरळ रेषेत आणायला सांगा, सब (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) बंद करा, दोन टॉप (वरचे स्पीकर) स्टँडवर चढवून पडद्याच्या दोन बाजूंना कानाच्या किंचित वर ठेवा. आणि इको. निवेदकासाठी लावलेला इको सिनेमा सुरू झाल्यावरही तसाच राहतो, मग स्वयंपाकघरात दोन बायका कुजबुजतात आणि प्रेक्षकाला त्या विहिरीतून बोलताहेत असे वाटते.

दुसरी गोची लॅपटॉपची. नव्या चित्रपटांच्या फाइलमध्ये आवाज सहा वाहिन्यांचा असतो आणि संवाद बहुधा मधल्या वाहिनीवर. तुमचे स्पीकर दोनच. प्लेअरने सहांचे दोन नीट केले नाहीत तर संगीत दणदणते आणि माणसे तोंडातल्या तोंडात बोलतात. प्लेअरच्या आवाजाच्या यादीत 'स्टिरिओ' निवडा किंवा दोन वाहिन्यांचा पर्याय असेल तो घ्या. सतत गूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि मिक्सर एकाच बोर्डावरून जोडून बघा. बहुतेक वेळा अर्थिंगचाच घोळ असतो.

आवाजाची पातळी श्रेयनामावलीच्या संगीतावर ठरवू नका. चित्रपटातले सर्वांत हळू बोलणे शोधा, शेवटच्या रांगेत जाऊन बसा, आणि ते माणूस चार-पाच फुटांवरून बोलतो आहे इतके ऐकू येईल तिथे कळ थांबवा. मग मिक्सरला हात लावायचा नाही. शांत प्रसंग आला की आवाज वाढवायचा, पुढे कुकरची शिट्टी झाली की दचकून कमी करायचा, हा खेळ चालू राहिला तर दिग्दर्शकाने मोजून ठेवलेले चढउतार मिक्सरवरच सपाट होतात. भिंतीवरचे घरघरणारे पंखे बंद ठेवता येतील असा महिना निवडा, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. पत्र्याच्या छपराखाली जून ते सप्टेंबर हा सिनेमा दाखवण्याच्या फंदात पडू नका, पाऊस एकही वाक्य ऐकू देत नाही. सभागृह फार घुमत असेल तर नवे काही विकत आणायची गरज नाही. नाट्यमंडळाच्या विंगा आणि जाड पडदे तिथेच गुंडाळून ठेवलेले असतात. ते मागच्या भिंतीला लावा. आणि चहा-भज्यांची कढई भिंतीपलीकडे न्या, स्टीलचे पेले विसळण्याचा आवाज आत येता कामा नये.

वीज जाईल असे धरूनच चला. साध्या 1 केव्हीएच्या यूपीएसवर यंत्र थोडा वेळ तग धरते, तेवढ्यात जनरेटर सुरू करा. दिवे परत आल्यावर जिथे थांबले तिथूनच पुढे जाऊ नका, त्या दृश्याच्या सुरुवातीला मागे न्या.

समारंभाचा भाग आम्ही थोडक्यात आटोपतो, तुम्हीही आटोपा. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची ओळख, पाहुण्यांचे भाषण, आभार: हे सारे झाल्यावर पन्नास मिनिटे गेलेली असतात आणि लहान मुलांना झोप आलेली असते. पाहुण्यांना भाषणात चित्रपटाची गोष्ट सांगायची खोडही असते. सत्कार आदल्या आठवड्यात करा किंवा नंतर. पडद्यापुढे एकाच माणसाने दोन मिनिटे बोलावे: चित्रपटाचे नाव, साल, भाषा, लांबी आणि मध्यंतर आहे की नाही. मृणाल सेन यांचा 'एक दिन प्रतिदिन' दीड तासाच्या आसपास संपतो, मल्याळम 'द ग्रेट इंडियन किचन' पावणेदोन तासांच्या आत. असल्या चित्रपटांच्या मधोमध कुपनांची सोडत काढली की ते मेलेच.

सबटायटलबद्दल. बंगाली, मल्याळम, कन्नड चित्रपटांना इंग्रजी सबटायटल असतात, आणि गावातल्या निम्म्या प्रेक्षकांना, विशेषतः साठीपुढच्या बायकांना, त्या वेगाने इंग्रजी वाचता येत नाही. ज्यांच्यासाठी हा सिनेमा सगळ्यात जवळचा, त्याच बाहेर राहतात. हक्कधारकाच्या संमतीने मराठी सबटायटल करून घ्या. अशा चित्रपटात हजाराच्या आत-बाहेर ओळी असतात, दोन माणसांचे महिन्याभराचे काम. वाचनालयाच्या सभासदांत असे दोघे नक्की सापडतील. एका वेळी दोनच ओळी, ओळीत चाळीसच्या आत अक्षरे, पडद्यावर किमान एक सेकंद आणि जास्तीत जास्त सहा-सात. फाइल यूटीएफ-8 मध्ये जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन येतात. कार्यक्रमाच्याच लॅपटॉपवर जोडाक्षरे तपासा. मात्र खरी चूक तंत्राची नसते. प्रश्न आणि उत्तर एकाच वेळी पडद्यावर टाकले जातात. नवरा विचारतो, बायको चार सेकंद गप्प राहते, मग 'काही नाही' म्हणते. प्रेक्षकाने 'काही नाही' आधीच वाचलेले असते, ते चार सेकंद त्याला निव्वळ लांबण वाटते. उत्तराची ओळ ओठ हलल्यावरच आली पाहिजे. आणि जिथे पात्र बोलत नाही तिथे कंसात 'दुःखी शांतता' असले काही लिहू नका.

आता काय दाखवायचे, आणि कोणत्या क्रमाने. बहुतेक मंडळे थेट 'चारुलता'वर (1964) उडी घेतात कारण नाव मोठे आहे. आमच्या मते मालिकेत तो शेवटी यावा. सुरुवातीची जवळपास सात मिनिटे चारू एका खिडकीपासून दुसरीकडे जात छोट्या दुर्बिणीतून रस्ता बघते. नवरा पुस्तकात डोके घालून तिच्या शेजारून जातो, त्याला ती दिसत नाही, आणि ती तीच दुर्बीण डोळ्याला लावून त्याची पाठ बघते. सगळा संसार तिथेच सांगून झाला आहे. पण अशा दृश्यात काय बघायचे याची सवय नसलेला प्रेक्षक संवादाची वाट बघत बसतो.

सुरुवात शेजारघरापासून करा. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' (2014): वडील वारलेले, आईची कोकणात बदली, मुलाला नवी शाळा. अमृता सुभाष यांनी रंगवलेली आई ऑफिसातले ताण घरी आणत नाही असे तिला वाटते, आणि मुलगा ते सगळे बघत असतो. त्याच दिग्दर्शकाचा 'थ्री ऑफ अस' (2022) वेंगुर्ल्यात घडतो, आपल्या पेडण्यापासून फार लांब नाही. स्मृती हरवू लागलेली शैलजा नवऱ्यासह लहानपणीच्या गावी येते, बालमित्र भेटतो, त्याची बायको आहे, तिचा नवरा आहे, आणि चौघांपैकी कुणीही तमाशा करत नाही. तो का करत नाहीत हेच बघायचे. पहिल्या दोन महिन्यांत हे दोन दाखवले की लोक पुढच्यासाठी तयार होतात.

मग राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' (1970) आणि त्यावरून बासू चटर्जींनी केलेला 'पिया का घर' (1972) पाठोपाठच्या शनिवारी दाखवा. नवविवाहितांना घरात निवांत कोपरा मिळत नाही, एवढीच गोष्ट दोनदा. कोणता प्रसंग कुठे लांबवला, कुठे कापला हे लोक आपोआप बोलू लागतात. नंतर 'अस्तु': संस्कृतचे विद्वान असलेले वडील विस्मृतीच्या आजारात हत्तीमागे चालत निघून जातात आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखे सांभाळते. मोहन आगाशे यांनी त्या माणसाला केविलवाणे होऊ दिलेले नाही. मग 'महानगर'. मग मृणाल सेन.

सेन यांच्या दोन चित्रपटांत निवड करायची तर आम्ही 'एक दिन प्रतिदिन' (1979) आधी ठेवू. घरात एकटी कमावणारी मुलगी संध्याकाळी परत येत नाही. रात्रभर घर, शेजार, घरमालक, पोलीस, शवागार. ती पहाटेकडे येते, आणि ती कुठे होती हे चित्रपट सांगत नाही. त्यावर लोक चिडतात. चिडू द्या, चर्चा त्यामुळेच रंगते. 'खारिज'ला (1982) 1983 साली कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळाले. थंडीत कोळशाच्या शेगडीमुळे बंद स्वयंपाकघरात झोपलेला घरगडी मुलगा गुदमरून मरतो, आणि सुशिक्षित जोडपे आपला दोष किती याचा हिशेब मनातल्या मनात करत राहते. शेवटी मुलाचा बाप समोर येतो. सबंध सभागृह थपडेची वाट बघते. तो फक्त निरोप घेऊन जातो. ती थप्पड मिळाली असती तर मालकाचे आणि आपलेही ओझे उतरले असते.

कोकणीतले घेणार असाल तर लक्ष्मीकांत शेटगांवकर यांचा 'पल्तडचो मुनीस' (2009) जरूर घ्या. महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट घाटातल्या एकट्या वनरक्षकाचा आणि मनोरुग्ण स्त्रीचा संसार उभा करतो. त्याला मोठ्या प्रस्तावनेची गरज नाही, आपल्याकडच्या प्रेक्षकाला ते रान आणि ती गावकी दोन्ही ओळखीची.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगतो. कमी बोलणारा प्रत्येक चित्रपट चांगला नसतो. अलीकडे खिडकीतून बाहेर बघणारी माणसे, मागे पियानो, आणि मधून मधून पाऊस, एवढ्यावर भागवणारे पुष्कळ येतात. ओळखण्याची आमची कसोटी अशी: दृश्य संपताना कुणाला तरी काहीतरी नवे कळले आहे का, किंवा कुणाचे कुणावरचे देणे वाढले-घटले आहे का? 'महानगर'मध्ये प्रत्येक दृश्यानंतर घरातला पैसा आणि मान जागा बदलतात. पोकळ चित्रपटात दहा मिनिटांनीही सगळे तिथेच असतात. आणि उलट बाजूने, मोठ्याने बोलणारा सिनेमा कमी प्रतीचा असेही मानू नका. ऋत्विक घटक यांच्या 'मेघे ढाका तारा'त (1960) दुःखाच्या क्षणी चाबकाचा फटका ऐकू येतो. त्याला कुणी संयत म्हणणार नाही, पण घर चालवणाऱ्या मुलीची कथा तितक्या ताकदीने फार थोड्यांनी सांगितली आहे. हवे तर मालिकेच्या मध्यावर तो ठेवा, कान साफ होतात.

चर्चा पंधरा-वीस मिनिटांची पुरे, आणि ती कशी बिघडते हे सगळ्यांनी पाहिले आहे. पाहुणे माइक घेतात आणि विचारतात, यातून आपण काय संदेश घ्यायचा? लोक शाळेतल्यासारखी उत्तरे देतात आणि घड्याळ बघतात. त्याऐवजी एक तीन-चार मिनिटांचे दृश्य परत लावा आणि डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी विचारा. कोण बसले आहे, कोण उभे? कुणाची पाठ कुणाकडे? हातात काय आहे, ते खाली कधी ठेवले? पैसे कुणी मोजले? 'द ग्रेट इंडियन किचन'साठी (2021) सुरुवातीलाच दोघा-तिघांना काम वाटून द्या: एकाने फक्त मोरीच्या गळक्या नळीवर लक्ष ठेवायचे. नवरा प्लंबरला बोलवायचे विसरत जातो, घाण पाण्याचे भांडे भरत जाते. दुसऱ्याने सासऱ्यांवर: दात घासायचा ब्रश हातात आणून द्यावा लागतो, भात चुलीवरचाच हवा, कपडे यंत्रात नकोत, आणि आवाज मात्र कायम गोड. जिओ बेबी यांनी या घरात एकही खलनायक ठेवलेला नाही, हे लोकांना नोंदींतूनच कळते. या चित्रपटानंतर माइक धरून कुठल्याही बाईला 'तुमच्या घरी कसे?' असे विचारू नका. सासू तिसऱ्या रांगेत बसलेली असते. पडद्यावरच्या स्वयंपाकघराबद्दलच बोला, ज्याला जे समजायचे ते समजते.

राहिली परवानगी, आणि ती शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. घरच्या ओटीटी वर्गणीत किंवा विकत घेतलेल्या डीव्हीडीत जाहीर खेळाचा हक्क येत नाही, तिकीट लावले नाही तरीही. निर्माता किंवा वितरक यांच्याकडून लेखी संमती लागते आणि चित्रपटाला सेन्सॉरचे प्रमाणपत्र असावे लागते. बऱ्याच समांतर चित्रपटांचे हक्क राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे (एनएफडीसी) आहेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही आता त्याच छत्राखाली आहे, तेव्हा विचारणा तिथूनच सुरू करा. काही चित्रपटांचे हक्क निर्मात्यांच्या वारसांकडे असतात, पत्रव्यवहार लांबतो, काही जण उत्तरच देत नाहीत. म्हणून प्रत्येक महिन्यासाठी दोन नावे हाताशी ठेवा. पत्रात सभागृहाची आसनसंख्या, तारीख, खेळ किती, तिकीट आहे की नाही आणि प्रत कोणत्या स्वरूपात हवी हे स्पष्ट लिहा. प्रत आली की ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा चालवून बघा, नुसती पहिली पाच मिनिटे नव्हे. डिसेंबरात मालिका सुरू करायची असेल तर पहिली पत्रे चवथीच्या आरत्या संपल्या की त्याच आठवड्यात टपालात पडली पाहिजेत.

आपले,
चित्रपट दाखवण्याच्या खटपटीत असलेले काही गोमंतकीय